ऐकू येतं ते स्पीकरचं की खोलीचं?

स्पीकरच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते: अमुक हर्ट्झपासून तमुक किलोहर्ट्झपर्यंत, अधिक-उणे ३ डेसिबल. म्हणजे या पट्ट्यातला कुठलाही सूर ठरलेल्या पातळीच्या ३ डेसिबलहून जास्त वर-खाली जाणार नाही. चांगल्या स्पीकरच्या बाबतीत हा दावा खराही असतो. पण तो मोजलेला असतो भिंती, छत आणि जमीन सगळा आवाज शोषून घेतात अशा खास खोलीत किंवा तशाच परिस्थितीत. तोच स्पीकर घरी आणून मांडला, नेहमीच्या बसायच्या जागी मायक्रोफोन लावला आणि पुन्हा मोजलं, तर खर्जाच्या भागात १५-२० डेसिबलचे उंचवटे आणि खड्डे दिसतात. १० डेसिबल म्हणजे शक्तीतला दहापट फरक, २० म्हणजे शंभरपट. नवा अ‍ॅम्प्लिफायर किंवा महागडी केबल आणून जो फरक पडेल असं आपल्याला वाटत असतं, त्याच्या कितीतरी पट फरक खोली एकटीच पाडत असते.

मायक्रोफोन आणि डिजिटल इक्वलायझर (निवडलेल्या सुरांची पातळी कमी-जास्त करणारं साधन) ही जोडी खोलीचा हा परिणाम बराच कमी करू शकते. माझ्या मते घरच्या संगीतयंत्रणेवर करता येणारा हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. अट एकच, कुठे हात लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही हे कळलं पाहिजे. आलेखातला प्रत्येक उंचवटा छाटायला आणि प्रत्येक खड्डा भरायला निघालं, की चांगल्या स्पीकरचाही आवाज बिघडतो. ही हद्द कुठे आहे हे भौतिकशास्त्र बऱ्यापैकी नेमकं सांगतं.

सुरुवात खर्जापासून करू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही, आणि ४० हर्ट्झच्या सुराची मात्र साडेआठ मीटर होते. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरू. ४० हर्ट्झची एक अख्खी लाट या खोलीत मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परत येते, समोरच्या भिंतीवर पुन्हा आपटते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळत राहतात. ज्या वारंवारतेची अर्धी तरंगलांबी दोन भिंतींमधल्या अंतराएवढी भरते, तिथे ही ये-जा नेमकी तालात पडते आणि खोलीत स्थिर तरंग उभा राहतो. हाच खोलीचा अनुनाद. त्याचं गणित सोपं आहे: ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागायचं. ५ मीटरला ३४ हर्ट्झ, ४ मीटरला ४३, ३ मीटरला ५७, आणि मग त्यांच्या दुप्पट, तिप्पट. दोन-तीन जोड भिंतींवरून फिरणाऱ्या लाटांचे अनुनाद आणखी वेगळे.

यातला ४३ हर्ट्झचा अनुनाद जवळून पाहू. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा स्वर निघतो. तिच्यावरचे पुढचे तीन स्वर ४३.७, ४६.२ आणि ४९ हर्ट्झचे. वादकाने हे चारही सारख्याच जोराने वाजवले, रेकॉर्डिंगमध्येही ते सारखेच उतरले, तरी या खोलीत दुसरा स्वर फुगतो, कारण तो जवळजवळ अनुनादाच्या माथ्यावर बसतो. चौथा त्यामानाने किरकोळ ऐकू येतो. शिवाय दुसरा स्वर वादकाने थांबवला तरी खोलीत थांबत नाही. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी हलका धक्का दिला तर तो चढत जातो आणि धक्के थांबवल्यावरही बराच वेळ झुलत राहतो, तसंच हे आहे. अनुनाद किती टोकदार आहे हे क्यू या संख्येने सांगतात. क्यूला २.२ ने गुणून वारंवारतेने भागलं, की आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ मिळतो. ४३ हर्ट्झवर क्यू १५ असेल तर हा वेळ पाऊण सेकंदापेक्षा जास्त निघतो. जलद लयीच्या गाण्यात तेवढ्यात पुढचे दोन-तीन स्वर येऊन गेलेले असतात. ‘बास घुमतोय’, ‘बास चिखल झालाय’ अशी तक्रार आपण करतो तेव्हा बहुतेक वेळा हीच शेपटी ऐकत असतो.

ती किती ऐकू येणार हे तुम्ही कुठे बसता यावरही ठरतं. स्थिर तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो आणि पहिल्या अनुनादाचा दाब बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य होतो. मागच्या भिंतीला सोफा टेकवून बसलेल्या माणसाला लांबीतले सगळे अनुनाद भरपूर मिळतात, आणि खोलीच्या नेमक्या मध्यावर बसलेल्याला ३४ हर्ट्झ जवळपास गायब झालेला आढळतो. म्हणून इक्वलायझर हातात घेण्याआधी खुर्ची आणि स्पीकर थोडे पुढे-मागे सरकवून मोजावं. अर्ध्या मीटरने कधीकधी असं काम होतं, जे कुठल्याही फिल्टरने होणार नाही.

खोली मोजायची कला फार जुनी नाही. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे एक काम आलं: फॉग कला संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नाही, बघा काय करता येतं. सॅबिनकडे ना मायक्रोफोन होता ना आलेख काढणारं यंत्र. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं साधन आणि स्वतःचे कान, एवढ्यावर तो रात्रीच्या शांततेत काम करायचा. नळी थांबवल्यावर आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो हे तो मोजायचा, आणि जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या की तो वेळ किती घटतो हे पाहायचा. रिकाम्या सभागृहात निनाद साडेपाच सेकंदांच्या आसपास टिकत होता. खोलीचं घनफळ, आतल्या वस्तूंची शोषणक्षमता आणि निनादाचा काळ यांचं नातं सांगणारं सॅबिनचं सूत्र या गाद्यांमधून निघालं, आणि १९०० मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलची रचना त्याच ज्ञानावर झाली.

आज तेच काम लॅपटॉप करतो. स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक अखंड सूर वाजवायचा, मायक्रोफोनने तो टिपायचा, आणि पाठवलेला व मिळालेला संकेत गणिताने एकमेकांशी ताडून पाहायचा. याला स्वीप म्हणतात. त्यातून निघते खोलीची आवेग-प्रतिक्रिया: एक क्षणभराची टिचकी स्पीकरमधून सोडली असती तर मायक्रोफोनपाशी काय-काय आणि कधी पोचलं असतं याची संपूर्ण नोंद. पातळीचा आलेख, फेज (लाट चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते), कुठला सूर किती वेळ रेंगाळतो हे दाखवणारा त्रिमितीय आलेख, सगळं या एका नोंदीतून काढता येतं. अँजेलो फरिना यांनी २००० साली दाखवलं, की स्वीप घातांकी वेगाने चढवला तर स्पीकरमध्ये होणारी विकृती मूळ प्रतिक्रियेपासून आपोआप वेगळी निघते. आता हीच पद्धत सर्रास वापरतात. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर घरगुती मोजमापासाठी जगभर वापरलं जातं, आणि इथे सांगितलेलं सगळं मोजमाप त्यात करता येतं.

मायक्रोफोन मात्र मोजमापाचाच हवा. गाण्यासाठीचा माइक एका दिशेचं जास्त ऐकतो आणि जवळच्या आवाजाचा खर्ज फुगवतो. फोनचा माइक बोलण्यासाठी जुळवलेला असतो आणि बरेच फोन खालचे सूर मुद्दाम कापतात. मोजमापाच्या माइकचं टोक निमुळतं असतं, तो सगळ्या दिशांनी सारखं ऐकतो, आणि त्याच्यासोबत त्याच्याच क्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल मिळते, ज्यात कुठल्या वारंवारतेला तो किती चुकतो ते लिहिलेलं असतं. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला लावायचा. छताकडे रोखला असेल तर ९० अंशाची फाइल वापरायची, स्पीकरकडे रोखला असेल तर शून्य अंशाची. आणि एकाच जागी मोजून थांबायचं नाही. डोक्याच्या जागेभोवती अर्ध्या-पाऊण मीटरच्या परिसरात सहा-आठ जागी मोजायचं आणि आलेख एकमेकांवर ठेवून पाहायचे. जो उंचवटा सगळ्या आलेखांत त्याच जागी आहे तो खोलीचा, त्याच्यावर काम करायचं. एकाच जागी दिसून बाकीच्यांत नाहीसा होतो, त्याला सोडून द्यायचं.

आता इक्वलायझर. जुन्या ग्राफिक इक्वलायझरवर ३१ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीचं केंद्र कायमचं ठरलेलं: ३१.५, ४०, ५०, ६३ असं पुढे. आपला ४३ हर्ट्झचा अनुनाद जेमतेम ३ हर्ट्झ रुंद आहे, आणि ४० ची पट्टी साधारण ९ हर्ट्झ रुंद. तो उंचवटा खाली आणायला ती पट्टी ओढली, तर ३६ ते ४१ मधले निरपराध स्वरही सोबत मार खातात. पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये केंद्र, छाट आणि रुंदी या तिन्ही गोष्टी आपल्या हातात येतात. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ही कल्पना शोधनिबंधातून मांडली तेव्हा ती अ‍ॅनालॉग सर्किटवर चालायची. आता पाच गुणकांचं एक छोटं डिजिटल फिल्टर तेच काम करतं आणि अगदी साधा प्रोसेसरही अशी कित्येक फिल्टरं एका वेळी चालवतो. एक व्यावहारिक सूचना: क्यूची व्याख्या सगळ्या इक्वलायझरमध्ये सारखी नसते. मोजमापाच्या सॉफ्टवेअरला तुमच्या इक्वलायझरचा प्रकार आधी सांगावा, नाहीतर आकडे तेच आणि फिल्टर वेगळंच, असं होतं.

समजा ४३ हर्ट्झला आपण ९ डेसिबलची छाट लावली. पातळी खाली येणार हे उघड आहे. पण शेपटीचं काय? खोली तर तीच आहे, भिंती हललेल्या नाहीत. या प्रश्नाचं उत्तर या सगळ्या विषयातलं मला सर्वांत सुंदर वाटतं. छाट देणारं फिल्टर सूर फक्त हळू करत नाही. त्यातून एक टिचकी पाठवली, तर टिचकीपाठोपाठ त्याच ४३ हर्ट्झची, पण उलट फेजची, विरत जाणारी एक लहान लाट बाहेर पडते. म्हणजे स्पीकर झोपाळ्याला पहिला धक्का देतो आणि लगेच उलट बाजूने हात लावून त्याला आवरतो. फिल्टरची वारंवारता आणि रुंदी अनुनादाशी जुळली तर पातळी आणि रेंगाळणं दोन्ही एकाच वेळी कमी होतात. खर्जातले एकेकटे अनुनाद बहुतांशी अशा जातीचे असतात, की त्यांची पातळी आणि काळातली वागणूक एकमेकींशी बांधलेली असते, म्हणून एक सुधारली की दुसरीही सुधारते. छाटीनंतर पुन्हा स्वीप घेऊन त्रिमितीय आलेख पाहिला तर ४३ ची लांब शेपटी आखडलेली दिसते. हे डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

खड्ड्यांची गोष्ट अगदी वेगळी आहे. खड्डा पडतो तो बहुतेक वेळा दोन लाटा उलट फेजमध्ये येऊन एकमेकींना खोडतात म्हणून. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मीटर पुढे असेल, तर भिंतीवरून परत येणारी लाट २ मीटर जास्त चालते. ८६ हर्ट्झसाठी हे अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढं आहे, म्हणून तिथे खड्डा. इक्वलायझरने ८६ हर्ट्झ १० डेसिबलने वाढवला तर थेट लाट वाढते, पण परावर्तित लाटही तितकीच वाढते, आणि दोघी पुन्हा एकमेकींना खोडतात. तुमच्या जागी जवळजवळ काहीच बदलत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र त्या सुरासाठी २० वॉटऐवजी २०० वॉट पुरवावे लागतात, स्पीकरचा पडदा जीव तोडून हलतो, आणि दोन मीटर पलीकडे बसलेल्याच्या कानावर ८६ हर्ट्झचा मारा होतो. रुंद, उथळ खड्डा ३ डेसिबलपर्यंत उचलायला माझी हरकत नाही. अरुंद आणि खोल खड्ड्याला हात लावू नये. त्यावरचे उपाय जागेचे असतात: स्पीकर भिंतीच्या जवळ न्यावा म्हणजे खड्डा वरच्या वारंवारतेकडे सरकतो, किंवा खुर्ची हलवावी, किंवा दोन सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर) वापरावे. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांत सबवूफरच्या जागांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर एकेक सबवूफर ठेवला, तर त्या दोन भिंतींमधला पहिला अनुनाद दोघे विरुद्ध बाजूंनी ढकलतात आणि तो उभाच राहत नाही. इक्वलायझरला करायला मग फारच थोडं उरतं.

ही छाटाछाटी किती वारंवारतेपर्यंत करायची? मॅनफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक सूत्र इथे उपयोगी पडतं. निनादाच्या काळाला खोलीच्या घनफळाने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि २००० ने गुणायचं. आपल्या ६० घनमीटरच्या खोलीत निनाद ०.४ सेकंद धरला तर उत्तर १६० हर्ट्झच्या जरा वर येतं. त्याखाली अनुनाद सुटे-सुटे असतात, एकेकाला धरून त्याच्यावर काम करता येतं. त्यावर ते इतके दाटीने येतात की वेगळे काढता येत नाहीत. हा बदल एकाएकी होत नाही, म्हणून व्यवहारात २०० ते ३०० हर्ट्झपर्यंत सावधपणे जावं आणि तिथे थांबावं.

तिथून वर मायक्रोफोन आणि कान यांचं एकमत राहत नाही. स्पीकरची थेट लाट पोचल्यावर १ मिलिसेकंदाने टेबलावरून परावर्तित लाट आली, तर मायक्रोफोनच्या आलेखात ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे दिसतात. डोकं काही सेंटिमीटर हललं की वरचे खड्डे जागा बदलतात. दोन कानांमध्येही ते सारखे नसतात. मायक्रोफोन कुठून आणि कधी आलं हे न बघता सगळं एकत्र जोडतो. मेंदू तसं करत नाही. काही मिलिसेकंदांपासून काही दहा मिलिसेकंदांपर्यंत उशिरा आलेलं परावर्तन तो वेगळा आवाज म्हणून ऐकत नाही, दिशा पहिल्या लाटेवरूनच ठरवतो. हेल्मुट हास यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस यावर प्रयोग केले, म्हणून या परिणामाला त्यांचं नाव आहे. मायक्रोफोनला दिसलेला २५०० हर्ट्झचा खड्डा इक्वलायझरने भरला तर थेट आवाजातच उंचवटा घुसतो, आणि कान तो नेमका ऐकतो. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत: वरच्या भागात सुधारणा करायचीच असेल तर ती स्पीकरच्या परावर्तनमुक्त मोजमापावर आधारलेली असावी, खोलीतल्या आलेखावर नाही. खोली वरच्या सुरांत खणखणत असेल तर गालिचा, जाड पडदे, पुस्तकांची कपाटं यांनी ती शांत होते. खर्जाला मात्र पडद्यांचा काही उपयोग नाही. ४३ हर्ट्झची पाव तरंगलांबीच २ मीटर आहे, आणि नुसत्या मऊ सामानाने ती शोषायची तर तेवढ्या जाडीची तयारी लागेल. इक्वलायझरची खरी गरज नेमकी तिथे आहे जिथे गालिचा हरतो.

आलेख सपाट करायचा का? नाही. चांगला स्पीकर समोरून सपाट असला तरी वरचे सूर तो अरुंद झोतात फेकतो आणि खालचे सगळीकडे पसरवतो. शिवाय खोलीतलं सामान वरचे सूर जास्त शोषतं. त्यामुळे खोलीतला आलेख खर्जाकडून वरच्या सुरांकडे हलकेच उतरत जातो, आणि श्रवणचाचण्यांत लोकांनी असाच उतार पसंत केला आहे. खोलीतला आलेख जबरदस्तीने सपाट केला की आवाज रोडावतो, कानाला टोचतो.

डिजिटल बाजूला लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच. डिजिटल संकेताला वरची कडक मर्यादा असते, तेव्हा कुठल्याही फिल्टरने काही वाढवलं असेल तर एकूण पातळी आधी तेवढीच खाली घ्यावी, नाहीतर मोठ्या आवाजात लाटेचे माथे कापले जातात. रेषीय फेजची, म्हणजे सगळ्या सुरांना सारखाच उशीर करणारी, लांबलचक फिल्टरं कागदावर आकर्षक दिसतात, पण ४८ किलोहर्ट्झला ६५,५३६ गुणकांचं फिल्टर आवाजाला जवळपास ०.७ सेकंद उशीर करतं. चित्रपटात ओठ आणि शब्द वेगळे पडतात, आणि टिचकीच्या आधीच हलकासा पूर्वनाद येण्याची शक्यता असते. खर्जाच्या कामाला साधी पॅरामेट्रिक फिल्टरं पुरतात. चार-पाच बऱ्याचदा भरपूर होतात.

मग ऐकून पाहायचं, आणि इथे एक खबरदारी हवी. छाट दिल्यावर एकूण आवाज थोडा लहान होतो, आणि माणसाच्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. त्यातून १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं त्याप्रमाणे, आवाज लहान केला की खर्ज इतर सुरांपेक्षा जास्त वेगाने कानाआड जातो. पातळी जुळवल्याशिवाय फिल्टर चालू-बंद करून तुलना केली तर मूळचा घुमणारा खर्जच बरा वाटेल. मधल्या सुरांची पातळी दोन्हीकडे सारखी करावी आणि मग तेच गाणं लावावं. बास गिटारचे चार स्वर आता चार वेगळे स्वर म्हणून मोजता येतात. त्याहून जास्त आश्चर्य गाणाऱ्याच्या आवाजाचं वाटतं: तो पुढे येतो, शब्दांच्या कडा स्पष्ट होतात, आणि आपण तर २०० हर्ट्झच्या वर एकही फिल्टर लावलेलं नसतं. मोठा खालचा सूर त्याच्या वरच्या सुरांना कानाच्या आतच झाकतो. कानाच्या शंखाकृती नळीत खालच्या सुरांची लाट वरच्या सुरांच्या जागेवरूनच पुढे जाते, त्यामुळे हे झाकणं वरच्या दिशेने जास्त होतं. ४३ हर्ट्झवरचा फुगवटा गेला की त्याखाली दबलेलं, रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून असलेलं, ऐकू येऊ लागतं.